मैदान, नभोवाणी आणि पडदा

न्यूयॉर्कला संध्याकाळचे सात वाजून पाच मिनिटे झाली की आपल्याकडे पहाटेचे चार वाजून पस्तीस मिनिटे होतात. बेसबॉलच्या हंगामात तिकडचे बरेचसे सामने याच सुमारास सुरू होतात, आणि आठवड्यातून दोन-तीनदा तरी मी त्या वेळी उठून कानाला यंत्र लावून बसतो. चहाचे आधण ठेवता ठेवता पहिला डाव संपतो. मोबाइलवर सामना दिसतोही. पण मी तो पाहत नाही, ऐकतो. घरातून विचारणा होते, "अहो, आता चित्र दिसतंय ना, मग नुसतं ऐकत काय बसता?" प्रश्न साधा आहे, पण त्याला उत्तर द्यायचे म्हणजे शंभर वर्षांचा इतिहास सांगावा लागतो. तोच आज सांगणार आहे. सांगणारा माणूस नभोवाणीचा पक्षपाती आहे, एवढे मात्र श्रोत्यांनी आधीच ध्यानात घ्यावे.

हा इतिहास दोन खेळांचा आहे. एक बेसबॉल. दुसरा हॉकी, पण हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद आणि हिरवे मैदान उभे राहते, ती ही हॉकी नव्हे. कॅनडात नुसते हॉकी म्हटले म्हणजे बर्फावरची हॉकी. पायांत पाती लावलेले बूट, हातात लांब काठी, आणि चेंडूऐवजी काळ्या रबराची एक चपटी चकती. तिला पक म्हणतात. व्यास तीन इंच, जाडी एक इंच. हे माप लक्षात ठेवा. पुढे त्यावरून बरेच रामायण घडले आहे.

५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्ग शहरातल्या केडीकेए या नभोवाणी केंद्रावरून बेसबॉलच्या वरिष्ठ लीगमधील सामन्याचे धावते वर्णन प्रथमच ऐकवले गेले. पिट्सबर्ग पायरेट्स विरुद्ध फिलाडेल्फिया फिलीज. वर्णन करणारे हॅरल्ड अर्लिन हे पेशाने वेस्टिंगहाउस कंपनीतले नोकरदार. प्रेक्षकांतच एका खुर्चीवर बसून, टेलिफोनचे यंत्र फिरवून बनवलेल्या ध्वनिग्राहकात ते बोलत होते. पिट्सबर्गने सामना ८-५ असा जिंकला. जुने लोक सांगतात की हा प्रयोग टिकेल असे त्या दिवशी फारसे कोणाला वाटले नव्हते.

तो टिकला, आणि याचे कारण बेसबॉलच्या स्वभावात आहे. या खेळात दर चेंडूनंतर थोडी उसंत असते. चेंडू फेकणारा पिचर आपल्या उंचवट्यावर उभा राहून खुणा पाहतो, टोपी सारखी करतो, मग फेकतो. शिवाय खेळाची सारी परिस्थिती चार आकड्यांत सांगता येते: कितवा डाव, किती गडी बाद, कोणत्या बेसवर कोण उभा आहे, या फलंदाजाचे किती चेंडू झाले. एवढे कळले की ऐकणारा स्वतःच मैदान मांडतो. आपल्याकडे बाळ ज. पंडितांचे मराठी धावते वर्णन ऐकत ज्यांनी क्रिकेटचे सामने 'पाहिले', त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. उसंत आणि आकडे, या दोन गोष्टी असल्या की खेळ कानाला पचतो.

इतका पचतो की, समोर सामना नसला तरी चालते. त्या काळी परगावच्या सामन्यांसाठी निवेदकाला तिकडे धाडणे परवडत नसे. मग तारेने त्रोटक मजकूर यायचा, आणि निवेदक आपल्या खोलीत बसून त्यावर सगळा सामना रचायचा. आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरी एक तरुण निवेदक १९३०च्या दशकात शिकागोचे सामने असेच सांगत असे. एकदा ऐन नवव्या डावात तार बंद पडली. गप्प बसावे तर श्रोते दुसऱ्या केंद्राकडे जातील. गड्याने काय करावे? फलंदाजाकडून एकामागून एक चेंडू रेषेबाहेर मारवले! असा चेंडू हिशेबात फरक पाडत नाही, त्यामुळे खोटे बोलूनही धावफलक खरा राहिला. तार सुरू होईपर्यंत कित्येक मिनिटे हा प्रकार चालला होता. त्या निवेदकाचे नाव रोनाल्ड रेगन. पुढे १९८१ ते १९८९ ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते, आणि ही हकिकत ते स्वतःच मोठ्या खुशीत सांगत.

आता संघमालकांची बाजू पाहू. त्यांचा हिशेब दुकानदारीचा होता: माल फुकट वाटला तर दुकानात कोण येईल? न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी, म्हणजे यांकीज, जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स यांनी, १९३४ पासून पाच वर्षे आपल्या मैदानावरचे सामने नभोवाणीला देऊच नयेत असा आपसांत करार केला. शिकागोच्या कब्ज संघाचे मालक विल्यम रिग्ली मात्र निराळ्या डोक्याचे. च्युइंगगमच्या धंद्यात नाव काढलेला हा माणूस, जाहिरात म्हणजे काय ते त्याला पक्के ठाऊक. त्याने १९२० च्या दशकातच मागेल त्या केंद्राला वर्णन करू दिले. १९२७ साली त्याच्या मैदानावर दहा लाखांहून अधिक प्रेक्षक आले; नॅशनल लीगमध्ये तोवर कोणत्याही संघाला हे साधले नव्हते. ब्रुकलिनला लॅरी मॅकफेल यांनी १९३९ साली करार झुगारून सिनसिनाटीहून रेड बार्बर हा निवेदक आणला. १९३८ साली ६ लाख ६३ हजार प्रेक्षक आले होते, ते १९३९ साली साडेनऊ लाखांवर गेले. त्या वर्षी संघही सुधारला होता, हे सांगितले पाहिजे. सगळे श्रेय नभोवाणीला देणे इतिहासाला धरून होणार नाही. पण दुकान बसले नाही, एवढे सिद्ध झाले.

हॉकीचे वर्णन ही खरी पंचाईत होती. इथे उसंत नाही. पक एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो तेवढ्या वेळात आपले एक मराठी वाक्यसुद्धा पुरे होत नाही. टोरांटोच्या फॉस्टर ह्यूइट या माणसाने १९२३ पासून हे काम हाती घेतले. १९३१ च्या नोव्हेंबरात तिथे मेपल लीफ गार्डन्स हे भव्य क्रीडागृह उघडले, तेव्हा आपली बसायची जागा किती उंच हवी हे ठरवण्यासाठी ह्यूइट एका उंच इमारतीच्या मजल्यामजल्यावर जाऊन खाली रस्त्यावरची माणसे कशी दिसतात ते पाहत हिंडले, आणि पाचव्या मजल्याची उंची त्यांनी पसंत केली, अशी कथा सांगतात. छपराखाली टांगलेल्या त्या कोठीला लोक 'गंडोला' म्हणू लागले. शनिवारी रात्री तिथून ते कॅनडाच्या, अमेरिकेच्या आणि न्यूफाउंडलंडच्या रसिकांना नमस्कार करीत. न्यूफाउंडलंड १९४९ पर्यंत कॅनडात सामील झालेले नव्हते, म्हणून त्याचे नाव वेगळे. ह्यूइट यांची युक्ती अशी की, पकच्या मागे त्यांचे शब्द धावत नसत, आवाज धावे. गोलजाळे जवळ आले की पट्टी चढत जायची. शेवटी 'मारला, आणि गोल!' या अर्थाचे त्यांचे ठरलेले वाक्य यायचे; पण गोल होणार हे श्रोत्याला त्याच्या दोन क्षण आधीच आवाजावरून कळलेले असे. बर्फाने वेढलेल्या शेतघरांत बसून हजारो कुटुंबांनी हॉकी अशी ऐकली.

आणि मग पडदा आला.

१७ मे १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया आणि प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांमधला बेसबॉल सामना एका कॅमेऱ्याने दाखवण्यात आला. त्याच वर्षी २६ ऑगस्टला ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर वरिष्ठ लीगचे सामने दोन कॅमेऱ्यांनी दाखवले. निवेदक तोच रेड बार्बर. बिचाऱ्याला प्रेक्षकांना काय दिसते आहे ते स्वतःला दिसत नव्हते. कोणत्या कॅमेऱ्यावर दिवा लागला आहे ते पाहून अंदाजाने बोलायचे. मध्यंतरात त्याने गव्हाच्या पोह्यांवर केळे चिरून, दूध घालून, न्याहारीची जाहिरातही करून दाखवली. मला या दृश्याची मोठी गंमत वाटते. पडद्यावरच्या खेळाच्या पहिल्याच दिवशी खेळ आणि जाहिरात हातात हात घालून आलेली आहेत. पुढे २५ फेब्रुवारी १९४० रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधून हॉकीही दाखवली गेली. पण त्या सगळ्या न्यूयॉर्क शहरात टेलिव्हिजनचे संच होते काही शेकडा, त्यामुळे मालकांची झोप उडण्याचे कारण नव्हते.

झोप उडाली ती पुढच्या दशकात. १९५० साली अमेरिकेत शंभरांतल्या नऊ घरांत संच होता. १९६० साली तो सत्याऐंशी घरांत होता. या दहा वर्षांत काय झाले ते बोस्टनच्या ब्रेव्ह्ज संघाकडे पाहून कळते. १९४८ साली या संघाने लीग जिंकली आणि १४ लाख ५५ हजार माणसे मैदानावर आली. मालक लू पेरिनी यांनी सामने दूरचित्रवाणीला विकले. १९५२ साली मैदानावर आलेली माणसे मोजली तर २ लाख ८१ हजार. पुढच्या वर्षी त्यांनी संघ उचलून मिलवॉकीला नेला, तिथे घरच्या सामन्यांना कॅमेऱ्याची बंदी केली, आणि पहिल्याच हंगामात अठरा लाखांहून अधिक लोक आले. पेरिनींचा निष्कर्ष ठरलेला होता. माझा नाही. १९५२ चा ब्रेव्ह्ज संघ अगदी सुमार होता, त्याच गावात रेड सॉक्ससारखा लाडका संघ होता, आणि मिलवॉकीला नव्याची नवलाई होती. पण माणूस आपल्या गल्ल्याकडे पाहून विचार करतो, इतिहासकाराला विचारून नव्हे.

खरा घाव बसला तो लहान गावांना. अमेरिकेत दुय्यम लीगचे संघ गावोगाव होते. १९४९ साली अशा एकोणसाठ लीगा होत्या आणि वर्षभरात सुमारे चार कोटी तिकिटे खपली. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिकिटे उरली एक कोटीच्या आसपास, आणि लीगा वीसही नव्हत्या. संध्याकाळी शंभर पावलांवर गावचा संघ खेळतो आहे, गल्लीतला ओळखीचा पोऱ्या फलंदाजी करतो आहे, आणि गाव मात्र घरी बसून न्यूयॉर्कचा सामना पाहते आहे! मोटारी आल्या, उपनगरे वाढली, घरे थंड करणारी यंत्रे आली, ही कारणेही आहेतच. तरीपण मला यात सर्वांत वाईट वाटते ते त्या पोऱ्याचे. त्याला पाहायला कोणी उरले नाही. मोठ्या संघांची पुढे भरभराट झाली, आणि त्यांच्या भरभराटीचे आकडे सगळे सांगतात. या बंद पडलेल्या मैदानांची नावे कोण सांगणार?

कॅनडात हॉकीच्या मालकांनी जास्त शहाणपण केले. १९५२ च्या ऑक्टोबरात मॉन्ट्रियलहून फ्रेंच भाषेत आणि नोव्हेंबरात टोरांटोहून इंग्रजीत दूरचित्रवाणीवर हॉकी सुरू झाली. इंग्रजी आवाज अर्थात ह्यूइट यांचा. मात्र सामना आरंभापासून दाखवायचा नाही! साडेनऊ वाजता, खेळ बराच रंगल्यावर, पडदा उघडायचा. पहिला भाग पाहायचा असेल तर तिकीट काढून या. ही अर्धवट उघडी खिडकी बरीच वर्षे चालली, आणि लोकांनी तक्रार केली तरी शनिवारची रात्र तिच्यासमोरच काढली. झालेला गोल थोड्या वेळाने पुन्हा दाखवण्याचा प्रयोगही १९५५ च्या सुमारास याच कार्यक्रमात पहिल्यांदा झाला.

पैसा आला तशी वाटणीही आली. बेसबॉलपटूंनी आपल्या निवृत्तिवेतनासाठी प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला हिस्सा मिळवला होता. ते पाहून डेट्रॉइटचा टेड लिंडसे आणि त्याचे सहकारी यांनी १९५७ च्या फेब्रुवारीत हॉकीपटूंची संघटना काढली. मालक संतापले. लिंडसे त्या वेळी ऐन बहरात होता, तरी त्याच वर्षी त्याला शिकागोच्या संघात धाडून देण्यात आले. संघटना लवकरच मोडली. ती पुन्हा उभी राहायला १९६७ साल उजाडावे लागले. पडद्यावर चेहरा खेळाडूचा, आणि त्या चेहऱ्याचे पैसे कोणाचे, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

इकडे बेसबॉलमध्ये १९५७ च्या हंगामानंतर डॉजर्स आणि जायंट्स हे दोन्ही संघ न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियाला गेले. लॉस एंजेलिसला डॉजर्सचे स्वतःचे मैदान तयार नव्हते, म्हणून चार हंगाम ते कोलोसियम या प्रचंड क्रीडांगणावर खेळले. नव्वद हजारांची जागा. मागच्या रांगेतून खेळाडू मुंगीएवढे दिसणार. तेव्हा लोकांनी काय करावे? खिशात मावणारे ट्रान्झिस्टर नुकतेच बाजारात आले होते, ते घेऊन लोक मैदानावर येऊ लागले. डोळ्यांपुढे सामना चालू आहे, आणि तो समजून घ्यायला कानाशी विन स्कली! १९६० साली एकदा स्कली यांनी वर्णन करता करता सांगितले की आज पंच फ्रँक सेकरी यांचा वाढदिवस आहे; मी तीन म्हणेन तेव्हा सर्वांनी मिळून शुभेच्छा द्या. त्यांनी तीन म्हटले, आणि साऱ्या मैदानाने एका आवाजात पंचांना शुभेच्छा दिल्या. घरातून मला जे विचारतात त्याचे निम्मे उत्तर या प्रसंगात आहे. समोर दिसत असूनही ती माणसे ऐकत होती. स्कली यांनी १९५० ते २०१६ असे सदुसष्ट हंगाम हे काम केले.

आता पक. काळी चकती, पांढरा बर्फ. वाचताना वाटते, यात न दिसण्यासारखे काय आहे? पण ती चकती ताशी नव्वद-शंभर मैलांच्या वेगाने सुटते, आणि काठ्यांच्या व बुटांच्या गर्दीत नाहीशी होते. जुन्या लहान पडद्यावर तर विचारूच नका. अमेरिकेतल्या कंपन्यांनी हॉकी दाखवून पाहिली, सोडून दिली, पुन्हा दाखवली. लीगने १९६७ साली सहा संघांचे एकदम बारा केले, त्यामागे देशभर प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीशी करार मिळावा ही आशाही होती. शेवटी फॉक्स या कंपनीने १९९६ च्या जानेवारीत कमाल केली. पक मधोमध कापून आत विजेरी आणि यंत्रणा बसवली. पडद्यावर पकभोवती निळे तेज दिसू लागले, आणि वेग ताशी सत्तर मैलांवर गेला की त्याला धूमकेतूसारखी लाल शेपटी फुटू लागली. नवख्यांना ते आवडले. कॅनडातल्या जुन्या रसिकांनी कपाळाला हात लावला, आणि १९९८ नंतर तो प्रकार बंद झाला. रसिकांचे म्हणणे मला पटते. हॉकी जाणणारा माणूस पक पाहतच नाही. तो खेळाडूंचे खांदे पाहतो, वळण पाहतो, आणि पक कुठे असणार ते ओळखतो. म्हणजे हॉकी पाहायलासुद्धा थोडीफार ती ह्यूइटच्या श्रोत्याचीच कला लागते.

हे सगळे बोलून झाल्यावर मला माझ्या विरुद्ध एक पुरावा हजर केला पाहिजे. १९७२ च्या सप्टेंबरात कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यात आठ सामने झाले. शेवटचा २८ तारखेला, मॉस्कोत. तिथे रात्र होती तेव्हा कॅनडात दिवस होता. शाळांनी धडे थांबवून वर्गांत टेलिव्हिजन आणले, दुकाने ओस पडली. सामना बरोबरीत, चौतीस सेकंद उरलेली, आणि पॉल हेंडरसनने गोल केला. कॅनडा ६-५ असा जिंकला. साऱ्या देशाने एक क्षण एकत्र पाहिला. अशी गोष्ट नुसत्या कानाला साधली असती असे मी म्हणणार नाही. मात्र त्या गोलाच्या चित्राबरोबर लोकांना जो आवाज आठवतो, तो फॉस्टर ह्यूइट यांचा. सत्तरीला टेकलेल्या ह्यूइटना त्या मालिकेसाठी मुद्दाम बोलावून आणले होते.

पडद्याने खेळाचे ठिकाण बदलले, तशी वेळही बदलली. बेसबॉलची अखेरची स्पर्धा, वर्ल्ड सीरिज, पूर्वी भर दुपारी होत असे. शाळकरी मुले बाकाखाली ट्रान्झिस्टर दडवून ती ऐकत. १३ ऑक्टोबर १९६० रोजी पिट्सबर्गच्या मॅझरॉस्कीने शेवटच्या चेंडूवर होमरन मारून स्पर्धा जिंकली, तीही दुपारीच. बरोबर अकरा वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९७१ रोजी, त्याच पिट्सबर्ग शहरात या स्पर्धेचा पहिला रात्रीचा सामना झाला, कारण रात्री घरोघर संच चालू असतात. १९८७ नंतर दुपारचा एकही सामना या स्पर्धेत झालेला नाही. सामने इतके लांबू लागले की पूर्वेकडच्या शहरांतली मुले निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी विचारीत.

हे लांबणे अखेर सर्वांनाच जाचू लागले. जाहिराती होत्याच, पण पिचरही टोपी सारखी करण्यात फार वेळ घालवू लागले होते. म्हणून २०२३ साली पिचरसाठी घड्याळ आले: बेस मोकळे असतील तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचा. २०२२ साली सामना सरासरी तीन तास चार मिनिटे चाले. २०२३ साली तो दोन तास चाळीस मिनिटांवर आला. ज्या उसंतीची मी मघाशी एवढी स्तुती केली, तीच कापली गेली, आणि पहिले काही दिवस मी त्यावर बरीच चिडचिड केली. पण माझे पहिले व्याख्यान सकाळी साडेसातला असते. पूर्वी आठव्या डावातच मला यंत्र खिशात घालून निघावे लागे आणि निकाल मधल्या सुट्टीत कळे. आता सव्वासातला सामना संपतो, आणि मी शेवटचा गडी बाद झालेला ऐकून वर्गावर जातो.